बाळंतपण सुरक्षित कसं होत गेलं



आज इतिहास सांगायचा आहे, पण राजेमहाराजांचा नाही. बाळंतिणीच्या खोलीचा. शेणवा, किन्हवली, डोळखांब, नाहीतर मुरबाडकडच्या कुठल्याही जुन्या आजीला विचारा, "आजी, तुला पोरं किती?" ती एक आकडा सांगत नाही. दोन सांगते. "झाली आठ, राहिली पाच." हे ती अगदी सहज सांगते, जणू भाताच्या गोणींचा हिशेब आहे. आज तिच्या नातीला विचारलं तर ती एकच आकडा सांगते. आजीच्या दोन आकड्यांपासून नातीच्या एका आकड्यापर्यंत आपण कसे आलो, ती वाट आज पाहू.

आपल्या मुलखातून रेल्वे गेली ती फार लवकर. १८६० मध्ये गाडी आसनगावला आली आणि १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला पोचली. मुंबईचा माल घाटाखाली आला, साहेब आले, बंगले झाले. पण रुळांपासून दोन कोसांवरच्या पाड्यात बाई अडली तर तिच्याजवळ होती फक्त सुईण आणि देवाचं नाव. शहरातही काही वेगळं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. नाहीतर आपल्याला वाटतं, हाल काय ते रानातल्या बायकांचेच झाले.

याच रेल्वेवरच्या कल्याणमध्ये ३१ मार्च १८६५ ला एक मुलगी जन्मली. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींशी, आणि सासरी नाव पडलं आनंदी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. चौदा वर्षांची पोर! आज आपण तिला आठवीच्या वर्गात बसवतो. डॉक्टर तेव्हाही होते, पण सगळे पुरुष. बाईने परक्या पुरुषासमोर दुखणं कसं उघडं करायचं? म्हणून दुखणं झाकलं जायचं आणि बाई जायची. आनंदीबाईंनी नेमकं हेच ओळखलं. परदेशी जायच्या आधी, १८८३ मध्ये बंगालातल्या सेरामपूरच्या सभेत उभं राहून त्यांनी सांगितलं की या देशात बायकांसाठी बाई डॉक्टर हवी आहे. मग त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. मार्च १८८६ मध्ये तिथल्या पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. शेवटच्या परीक्षेसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आपल्याकडच्या लोकांतलं बाळंतपणाचं शास्त्र. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली, पण क्षयाने पोखरलेल्या आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. एकाही बाळंतिणीला हात लावायला त्यांना इथे सवड मिळाली नाही. तरी त्यांच्यापासून सुरुवात करते, कारण दवाखाना असणं वेगळं आणि बाईला तिथे जाता येणं वेगळं, ही गोष्ट त्यांनी मोठ्याने सांगितली.

आनंदीबाई जन्मल्या त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, तिकडे युरोपात एक डॉक्टर वेड्यांच्या इस्पितळात मेला. त्याचं नाव इग्नाझ सेमेलवाइस. त्याची गोष्ट ऐका, कारण ती आपल्या सुइणींची बाजू घेणारी आहे. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त मरत. गावातल्या बायका रडून सांगत, मला सुइणींकडे टाका, तिकडे नको. असं का होतं हे कुणालाच कळेना. सेमेलवाइसच्या ध्यानात आलं की शिकाऊ डॉक्टर सकाळी मुडदे फाडतात आणि तेच हात घेऊन बाळंतिणीला तपासायला येतात. सुइणी मुडद्यांना हात लावत नव्हत्या. मे १८४७ पासून त्याने सक्ती केली की चुन्यासारख्या क्लोरीनच्या पावडरीच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाईला शिवायचं नाही. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी गेल्या होत्या. जूनमध्ये दोन गेल्या. औषध नाही, मशीन नाही, नुसते हात धुणं. आणि मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही! आमचे हात घाण आहेत असं हा म्हणतो म्हणजे काय, असा त्यांना राग आला. त्याची नोकरी गेली, डोकं फिरलं, आणि शेवटी जखमेत जंतू शिरूनच तो मेला. बाळंतिणीही त्याच मरणाने जात होत्या.

तेव्हा घाण हातांची लाज वाटायचीच तर ती फक्त आपल्या सुइणींना वाटू नये. खरं तर सुइणीचं आपण कितीतरी देणं लागतो. रात्री-अपरात्री, पावसात, ओढा ओलांडून ती यायची. बाईची पाठ चोळायची, धीर द्यायची, चार दिवस शेक-न्हाणं करायची. त्याबदली तिला लुगडं, नारळ, शेरभर तांदूळ. दोष तिच्या मायेत नव्हता. तो विळ्यात होता.

नाळ कापायची ती घरातल्या विळ्याने, कोयत्याने, कुठे बांबूच्या कामटीने. वर राख लावायची, कुठे शेण लावायचं. माती-शेणात धनुर्वाताचे जंतू असतात आणि कापलेली नाळ ही उघडी जखम. बाळ दोन दिवस चांगलं दूध पितं. मग अचानक ओढेनासं होतं, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं ताणतं. हा आजार बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो आणि पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास पुष्कळदा. आपल्याकडे पाचवी पुजतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात. मला नेहमी वाटतं, ज्या बायांनी हे दिवस ठरवले त्यांनी पोरं नेमकी त्याच दिवसांत जाताना पाहिली असणार. कारण ठाऊक नव्हतं, पण भीतीचा दिवस बरोबर ठाऊक होता. पाचवी खुशाल पुजा, फक्त नाळेला काही लावू नका.

सुइणींना शिकवायचं काम इंग्रजांच्या काळातच सुरू झालं. १९०३ मध्ये व्हाइसरॉयच्या बायकोने, लेडी कर्झनने, त्यासाठी निधी काढला. पण ते शहरांपुरतं राहिलं. १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला तेव्हा हजार बाळंतपणांमागे सुमारे वीस बाया मरतात असा अंदाज होता. म्हणजे आपल्या दहा-बारा पाड्यांत मिळून दरवर्षी एखादी तरी. स्वातंत्र्यानंतर दाईंची शिबिरं झाली, त्यांना पेटी मिळाली. त्यात साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळ कोरडी, हे पाच बोटांवर मोजून शिकवलं गेलं. जोडीला गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन सुरू झालं, त्याने पोटातल्या बाळालाही संरक्षण मिळतं. त्याचं फळ यायला किती वर्षं लागली पाहा. बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात देशातून हटला असं जाहीर झालं ते २०१५ मध्ये.

आता जामखेडला जाऊ. १९७० मध्ये डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे हे नवराबायको नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी गावात आले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यात ठेवून पाहिलं. त्या तरुण, परगावच्या, एकट्या. रमेनात. मग गावांनीच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. बऱ्याचशा निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या, ज्यांच्या हातचं पाणीही गाव पीत नव्हतं. त्याच बाया पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे की उभं हे सांगायला शिकल्या, अडलेली केस कधी पुढे पाठवायची ते शिकल्या. आणि ज्या घरात त्यांना उंबऱ्यावर थांबवत, त्याच घरातली बाळंतपणं त्यांनी केली. हा माझ्या मते औषधापेक्षा मोठा बदल होता.

तिकडे गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी आधी काय केलं असेल तर मोजलं. कुठल्या घरात कोण जन्मलं, कोण गेलं, कशाने गेलं. मोजल्यावर दिसलं की वर्षाच्या आत जाणाऱ्या पोरांपैकी बहुतेक पहिल्या महिन्यातच जातात. आणि जातात ती घरात, कोपऱ्यात, जिथे कुणी बाहेरचा जात नाही. बाळंतिणीच्या खोलीत विटाळ! घरचा बापसुद्धा आत जात नसे, मग डॉक्टर कुठला जाणार. तेव्हा ज्या बाईला आत जाता येतं तिलाच शिकवायचं ठरलं. त्या झाल्या आरोग्यदूत. बाळाला वजनकाट्याच्या झोळीत घालून तोलणं, काखेत थर्मामीटर लावणं, न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास देणं, जन्मल्याबरोबर न्हाऊ न घालता पुसून गुंडाळून आईच्या अंगाला लावणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं. थोडीफार शिकलेली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देते, यावर तेव्हा किती गहजब झाला असेल! पण ३९ गावांत, जिथे हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती, तिथे १९९८ पर्यंत हा आकडा २५ वर आला. १९९९ मध्ये ते जगाच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आज तुमच्या दारात आशाताई येते ना, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी? घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा? ते त्या गडचिरोलीच्या आरोग्यदूतांचंच काम आहे. २०११ पासून ते सगळ्या देशात लागू झालं. ती वजन करायला आली की "काल तर केलं दवाखान्यात" म्हणून तिला परत पाठवू नका. दूध ओढणं कमी झालं, रडणं बारीक झालं, हातपाय ढिले पडले, अंग थंड किंवा फार गरम लागलं, छाती आत ओढली जाते आहे, नाळेला पू आहे, यातलं काहीही दिसलं तर बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं. आणि चिकाचं दूध पिळून टाकायचं नसतं. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, मग आपल्याच बाळाचा चीक का टाकावा?

आपल्या जिल्ह्याची गोष्ट मात्र दुखऱ्या जागेवरची आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात पोरं भुकेने आणि आजाराने गेली. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, तेव्हा जव्हार आपल्या ठाण्यातच होतं. साऱ्या राज्याला हादरा बसला. कोर्टात दाद मागितली गेली आणि त्यातून १९९५ च्या सुमारास आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्यात पाड्यापाड्यांवर फिरणारं डॉक्टरांचं भरारी पथक, आदिवासी गरोदर बाईला मातृत्व अनुदान, दाईंच्या बैठका, हे सगळं तिथून आलं. पुढे काही आदिवासी आरोग्य केंद्रांत माहेरघर झालं. लांबच्या बाईने दिवस भरत आले की आधीच तिथे येऊन राहायचं. २०१५ पासून अंगणवाडीत अमृत आहार म्हणून गरोदर आणि स्तनदा बाईला एक वेळचं ताजं जेवण. या योजना कुणी कृपेने दिल्या नाहीत. त्यांच्यामागे वावर-वांगणीची पोरं आहेत.

मग २००५ नंतर जोर आला तो दवाखान्यातल्या बाळंतपणावर. जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आली, २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी सगळं फुकट झालं, २०१४ मध्ये राज्यात १०८ ची गाडी सुरू झाली. महाराष्ट्रात २००१ ते २००३ या काळात एक लाख जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये ३३. हे छोटं काम नाही.

तरी ३३ शिल्लक आहेत. आणि त्या कुठे असतात हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. ज्या पाड्याला पावसाळ्यात रस्ता नाही तिथे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबात. बाईची नोंद गावात, पोट भरतं भट्टीवर, आणि कळा येतात तिसऱ्याच ठिकाणी. म्हणून भट्टीवर जाताना माता-बाल कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत न ठेवता कनवटीला बांधून न्यावं.

बाई दगावते ती मुख्यतः तीन कारणांनी. बाळंतपणानंतर अंगावरून खूप जातं, बीपी वाढून झटके येतात, किंवा जंतू शिरतात. रक्तस्राव बाईला दोन तासांतही नेऊ शकतो. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट नावाचं स्वस्त इंजेक्शन आहे. २००२ मध्ये ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायांवर तपासून पाहिलं, तर बीपी वाढलेल्या बाईला झटके येण्याचा धोका त्याने निम्मा झाला. पण बीपी मोजलंच नसेल तर इंजेक्शन कशावर देणार? डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात सुजणं, याला "पहिलटकरणीला असं होतंच" म्हणून सोडू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, तिथे बीपी आणि रक्त पाहून घ्या.

जाणकार सांगतात, मरण येतं ते तीन उशिरांनी. घरात ठरवायला उशीर, वाटेत पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिल्या दोन उशिरांवर आपण खूप बोलतो. तिसऱ्यावर कमी, कारण तिथे आपण पायरीवर उभ्या असतो आणि आत कोण काय करतं ते दिसत नाही. दवाखान्यात पोचलं की सुटलो असंही नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या खास कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. ती बाळं अगदी योग्य ठिकाणी पोचवलेली होती. उत्तर प्रदेशात एक मोठा प्रयोग झाला. बाळंतपणाच्या वेळी काय काय करायचं याची यादी सरकारी दवाखान्यांत दिली, नर्सना महिनोन्‌महिने सोबत करून शिकवलं. हात धुणं वाढलं, काम सुधारलं. पण २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा दिसलं, मरणं काही घटली नव्हती. यादीवर खूण होते, पण रक्ताची बाटली, पुढचा डॉक्टर, पुढची गाडी यादीतून येत नाही.

आणखी एक प्रयोग सांगते, तो ऐकून मला तुमचे बचत गट आठवले. झारखंड-ओडिशाच्या आदिवासी भागात 'एकजुट' संस्थेने २००५ पासून तीन वर्षं गावोगावच्या बायकांचे गट चालवले. महिन्याला एक बैठक. डॉक्टर नाही, भाषण नाही. गावातलीच एक बाई चित्रं घेऊन यायची, गोष्ट सांगायची. अमकीचं बाळ का गेलं? ब्लेड जुनं होतं. का? दुकान लांब होतं. का? आधी आणून ठेवलं नाही. असं "का, का" करत बाया स्वतःच उत्तरापर्यंत यायच्या. मग ठरवायच्या, गाडीसाठी पैसे बाजूला ठेवायचे, बाळंतपणाचं स्वच्छ सामान आधीच जमवायचं. शेवटच्या दोन वर्षांत तिथे पहिल्या महिन्यातली बाळांची मरणं ४५ टक्क्यांनी कमी झाली. मात्र प्रत्येक ठिकाणी असं होत नाही. मुंबईच्या झोपडपट्टीत असेच गट चालवले, तिथे एवढा फरक दिसला नाही. गाव लहान, बाया एकमेकींना ओळखणाऱ्या, यालाही किंमत असावी.

आता एक कागद आहे, तो फार थोड्यांना माहीत आहे. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा नंतरच्या ४२ दिवसांत बाई गेली, तर त्या मरणाची चौकशी सरकारी यंत्रणेला करावीच लागते. आरोग्य खात्याची माणसं घरी येतात, नवऱ्याला, सासूला, शेजारणीला विचारतात. दुःखात घरची माणसं एवढंच म्हणतात, "नशिबात नव्हतं." कागदावरही मग तसंच उतरतं. पण त्या फॉर्ममध्ये वेळा विचारलेल्या असतात. कळा कधी सुरू झाल्या, गाडीला फोन कधी केला, गाडी कधी आली, पहिल्या दवाखान्यात कधी पोचलात, तिथून पुढे का पाठवलं, कोणत्या वाहनाने, पुढे किती वाजता पोचलात. या वेळा घरच्या माणसांना आठवत नाहीत. पण त्या रात्री बरोबर गेलेल्या बाईला आठवतात, आणि गाडीला लावलेल्या फोनची वेळ मोबाईलमध्ये असते. गटातली जी कुणी बाळंतिणीबरोबर जाते, तिने त्या वेळा त्याच रात्री वहीच्या पानावर लिहून ठेवाव्यात. लिहिता येत नसेल तर बरोबरच्या पोराकडून लिहून घ्याव्यात.